शिवणकाम करणारी

काही माणसं पुन्हा भेटू नयेत असं आपल्याला वाटतं. ती वाईट असतात म्हणून नव्हे; त्यांनी आपल्याला नको त्या अवस्थेत पाहिलेलं असतं म्हणून. तिच्या आयुष्यात असा एकच माणूस होता, आणि नेमका तोच त्या संध्याकाळी तिच्या क्लासच्या जिन्यात भिजलेली छत्री झटकत उभा होता.

छत्रीचं पाणी तिच्या पायांवर उडालं. सॉरी म्हणायला त्यानं मान वर केली आणि... दोघंही जागच्या जागी थबकले.

झालं होतं असं. काही महिन्यांपूर्वी तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि हा त्या वॉर्डातला नर्स. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण बोलणं परत येईल याची खात्री नाही. आईसमोर रडायची सोय नव्हती. तेव्हा तिला रडायला जागा मिळाली ती बादल्या आणि फरशी पुसायचे मॉप ठेवायच्या खोलीत. तिथं ती तोंडावर ओढणी दाबून हुंदके देत असताना हा बादली न्यायला आत आला. एक शब्द बोलला नाही. बादलीही नेली नाही. बाहेर जाऊन दाराशी उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला की आत साफसफाई चालू आहे. ती बाहेर आली तेव्हा नाक लाल, डोळे सुजलेले. आभार मानायचे सोडून ती खाली मान घालून पळाली होती.

आणि आता हा इथं. तिला वाटलं, हा ते सगळं काढतो की काय. पण त्यानं फक्त विचारलं, इंग्रजी बोलायचा क्लास तो हाच का. ती म्हणाली, हाच. शिकवतं कोण, असं त्यानं विचारल्यावर ती म्हणाली, मीच. त्यावर त्यानं छत्री मिटली, मान हलवली आणि म्हणाला, "मग बरं झालं."

कशाबद्दल बरं झालं ते काही त्यानं सांगितलं नाही.

क्लास म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. घडीच्या खुर्च्या, फळा, आणि फडफडणारी ट्यूबलाईट. येणारे सगळे कामासाठी परदेशी निघालेले. ते एकमेकांना कामावरूनच हाक मारत. वेल्डर होता, पार्लरवाली होती, एक क्रेनवाले काका होते. हा आला तेव्हा वेल्डरनं विचारलं, तुला काय म्हणायचं? तो म्हणाला, हॉस्पिटलात सगळे ब्रदरच म्हणतात. झालं, तेव्हापासून तो ब्रदर. आता बघा, ज्याच्यावर पुढं जीव जडायचा त्यालाच भर वर्गात रोज ब्रदर म्हणून हाक मारायची! नशीबही कधी कधी माणसाची फार पाचकळ थट्टा करतं.

तिथं शिकायचं होतं ते सगळं एका परीक्षेसाठी. समोर एक अनोळखी परीक्षक बसतो, चेहऱ्यावरची माशी हलू देत नाही, एक विषय देतो आणि आपण त्यावर न थांबता बोलायचं. बोललेलं खरं आहे का, हे कुणी तपासत नाही. तपासतात ती फक्त भाषा. त्यामुळं क्लासमध्ये बिनधास्त थापा चालत. वेल्डरनं तर नसलेल्या कुत्र्यावर बोलता बोलता त्याला आजारी पाडून मारूनही टाकलं होतं आणि पार्लरवालीच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं.

तिचा मात्र एक सल्ला असे, आणि तो ती प्रत्येक बॅचला देई. अगदीच हवेतलं माणूस उभं करू नका, अडखळाल. ओळखीचं, खरं माणूस घ्या आणि त्याचं फक्त काम बदला. डॉक्टर असेल तर वकील करा. भावना खरी असली की शब्द आपोआप सापडतात, आणि घरच्या गोष्टी चारचौघांत उघड्याही पडत नाहीत. सल्ला चांगला होता. तो एक दिवस तिच्याच अंगावर येणार हे तिला कुठं ठाऊक.

ब्रदरचं इंग्रजी तसं ठीकठाक होतं. गाडी अडायची ती नकारावर. काहीही विचारा, हा सरळ "नो, आय डोन्ट" म्हणून मोकळा. ती समजावून सांगायची की बाबांनो, रोजच्या बोलण्यात ती माणसं नुसतं नाही म्हणत नाहीत. नकाराला कसला ना कसला शब्द जोडतात. फारसं नाही, अगदी तसं नाही, जेमतेम, मुळीच नाही. आणि तो शब्द कुठं ठेवला त्यावरून त्याचं वजन बदलतं. तिनं फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. "इट डझन्ट रिअली हर्ट" आणि "इट रिअली डझन्ट हर्ट." पहिल्याचा अर्थ, तसं काही फार दुखत नाही, म्हणजे थोडं दुखतंय, पण चालवून घेतोय. दुसऱ्याचा अर्थ, खरंच दुखत नाही.

वर्गानं उतरवून घेतलं. वेल्डरनं जांभई दिली. ब्रदर मात्र फळ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पेशंट पहिलं बोलला आणि मी दुसरं ऐकलं, तर तो बिचारा गोळीशिवाय कण्हत पडेल."

इतकी वर्षं ती हे शिकवत होती. पण याच्यामुळं कुणाचं तरी दुखणं थांबू शकतं हे तिला कुणी बोलून दाखवलं नव्हतं. ती खडू हातात धरून उभी राहिली. पुढचं वाक्य काही तिला आठवेना.

त्या दिवसापासून त्यानं नकार असा मनावर घेतला की विचारू नका. क्लास सुटला की बसस्टॉपपर्यंत तिच्याबरोबर चालायचा आणि वाटेत सराव मागायचा. त्या दिवसांत पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. नुसती भुरभुर, मळकट आभाळ, आणि दुपारीच दिवे लावलेली दुकानं. कोपऱ्यावरच्या टपरीवर दोघं चहाला थांबत. चहा आवडला का, असं तिनं इंग्रजीतून विचारलं की तो गंभीरपणे म्हणायचा, "नॉट एक्झॅक्टली." अगदी आवडला असं नाही.

"मग दुसरा कशाला सांगितलात?"

"आय कान्ट पॉसिबली गो होम सो अर्ली, मॅडम."

इतक्या लवकर घरी जाणं मला कसं शक्य आहे, मॅडम. वाक्यात एक चूक नव्हती. ती काढायला म्हणून तिनं बरंच डोकं खाजवलं, मग हसू लपवायला खाली बघितलं आणि पेल्यातला चहा उगाच ढवळत बसली.

घरी मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. वडिलांचं बोलणं गेलं ते गेलंच. सगळ्या भाषेतला एकच शब्द त्यांच्याजवळ शिल्लक राहिला होता, "नाही." पाणी हवं तरी नाही, नको तरी नाही. आई वैतागून रडकुंडीला यायची. ब्रदर सुट्टीच्या दिवशी त्यांच्या हाताचा व्यायाम घ्यायला येऊ लागला, तेव्हा त्यानंच आईला शिकवलं. शब्द सोडून द्या, म्हणाला, सूर ऐका. लांबवलेलं नाही म्हणजे हवंय. तुटक नाही म्हणजे नकोय. हळूच म्हटलेलं नाही म्हणजे दुखतंय. आणि खरोखरच तो विचारायचा, काका, ताण बसतोय का, आणि वडील हळूच "नाही" म्हणाले की लगेच हात सैल सोडायचा. वडील त्याच्याकडे टक लावून बघत. आपलं म्हणणं कुणाला तरी कळतंय, एवढंच त्या बघण्यात असे.

आईचा तर नूरच पालटला. ब्रदर येणार म्हटलं की पडदे धुतले जात. एकदा तो गेल्यावर कपबशा विसळता विसळता आई तिला म्हणाली, "ब्रदर ब्रदर काय करतेस गं सारखी? मला आणखी मुलगा नकोय. जावई असला तर चालेल."

तिनं काहीतरीच काय, म्हणून विषय झटकला. पण त्या रात्री अंथरुणात तिनं मान्य करून टाकलं. तो आवडत होता. थोडासा नाही, बऱ्यापैकी नाही. अगदी वेड्यासारखा आवडत होता. आणि दुखणं असं की तो जितकं चांगलं बोलेल तितका लवकर जाईल, आणि त्याला चांगलं बोलायला शिकवत होती ती स्वतः. त्याला थांबवायलाही इथं काही नव्हतं. त्याचा वॉर्ड लवकरच बंद होणार होता, दुसरीकडे चकरा मारून त्याच्या चपला झिजल्या होत्या.

एकदा तिच्या मनात पाप आलं. एखादी चूक तशीच राहू दिली तर? कुणाला कळणार आहे? तिनं एक संध्याकाळ त्याची एक ढोबळ चूक ऐकली आणि कानाआड केली. घरी आल्यावर घास उतरेना. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं आधी ती चूक दुरुस्त केली, आणि इतक्या तावातावानं केली की बिचारा गांगरून गेला.

मग तो सराव-परीक्षेचा दिवस आला. ती परीक्षकाच्या खुर्चीत. चेहरा कोरा. विषय आला तो असा: जिला सोडून जाणं तुम्हाला जड जाईल अशा एका व्यक्तीबद्दल बोला.

ब्रदरनं खुर्ची जरा पुढं ओढली. मग बोलायला लागला. एक मुलगी आहे, म्हणाला, आमच्या इमारतीत राहते, शिवणकाम करते. हसू आलं की खाली बघते, म्हणजे आपल्याला दिसू नये म्हणून; पण दिसतं. तिच्याकडे लोक दूरच्या प्रवासाचे कपडे शिवायला येतात. ती मापं घेते, मन लावून शिवते, कुठं उसवणार नाही असं बघते. मग ती माणसं तिनं शिवलेलं अंगात घालून निघून जातात, आणि ती पुन्हा सुईत दोरा ओवते. तिचं माप कधी कुणी विचारत नाही. आणि शेवटी तो म्हणाला, "आय डोन्ट रिअली वॉन्ट टू लीव्ह हर."

तुमच्या-माझ्या केव्हाच लक्षात आलं असतं. तिच्या आलं नाही. परीक्षकाच्या खुर्चीत बसलं की कान चुका ऐकतात, माणूस नाही. आणि दुसरं म्हणजे, एक मुलगी आहे, एवढं ऐकल्यावर पुढचा विचार करायला जागाच उरली नव्हती. तर त्याची कुणीतरी होती. शिवणकाम करणारी. त्याच इमारतीत.

पण चेहरा तिनं कोराच ठेवला. शाबास तिची. म्हणाली, "शेवटचं वाक्य मवाळ झालं. त्याचा अर्थ, तिला सोडायची तशी फार इच्छा नाही. सोडावं लागलं तर सोडाल, असं वाटतं. रिअली आधी आणा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "आय रिअली डोन्ट वॉन्ट टू लीव्ह हर."

"हं. आता बरोबर आहे," ती म्हणाली आणि यादीकडे बघितलं. "पुढचा कोण? वेल्डर, या."

त्यानंतर कित्येक दिवस त्या उत्तराची घासपूस चालली. तो रोज तेच बोलायचा आणि ती रोज ते आणखी सुंदर करून द्यायची. इथं हा शब्द घ्या, तिथं जरा थांबा, तिच्या हसण्याबद्दल आणखी एक वाक्य घाला. सवतीचे दागिने आपल्या हातानं घडवावेत तसं ते काम, पण तिनं त्यात कसूर केली नाही. चहा मात्र बंद केला. रोज काही ना काही कारण तयार असे. डोकं दुखतंय, घरी लवकर जायचंय, छत्री एकच आहे. तो कारणं ऐकून घ्यायचा आणि ओढलेल्या चेहऱ्यानं एकटाच टपरीकडे वळायचा.

निकाल लागला. बोलण्यात त्याला इतके गुण मिळाले की क्लासमध्ये आजवर कुणाला मिळाले नव्हते. वेल्डरनं त्याला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि ट्यूबलाईट फुटता फुटता वाचली. तिनं अभिनंदन केलं. ठरावीक, सभ्य, दोन वाक्यांत. तोही म्हणाला, थँक यू मॅडम. पुढचं सगळं भराभर झालं. कागद आले, तिकीट आलं, आणि एका मरगळलेल्या संध्याकाळी तो तिच्या घरी निरोप घ्यायला आला.

आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. वडिलांनी त्याचा हात आपल्या चांगल्या हातात धरला तो सोडलाच नाही. त्यालाच हळूहळू सोडवून घ्यावा लागला. तो निघाला तेव्हा बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झालेली. आईनं तिच्या हातात छत्री कोंबली आणि म्हणाली, स्टॉपपर्यंत सोडून ये. नाही म्हणायला वावच ठेवला नाही.

एका छत्रीखाली चालायचं आणि खांद्याला खांदा लागू द्यायचा नाही, ही कसरत करत स्टॉपवर पोचले. तिथं चिटपाखरू नव्हतं. तिला वाटलं, आता असंच तोंड मिटून उभं राहिलो तर बस येईल आणि संपलं. मग तिनं आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "त्या मुलीला सांगितलंत का, उद्या निघताय ते?"

"कुठल्या मुलीला?"

"तुमच्या इमारतीतली. शिवणकाम करणारी."

तो तिच्याकडे असा बघायला लागला, जणू तिनं काहीतरी भयंकर विचारलंय. मग बाकावर बसला. छत्रीबाहेर, ओल्या बाकावर.

"परीक्षेत मला तोच विषय आला," तो शेवटी म्हणाला. "मी सगळं बोललो, तुम्ही घासूनपुसून दिलं तसं. परीक्षक बाई होत्या. चेहरा एकदम दगड. पण शेवटी त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि विचारलं, हे तुम्ही तिला सांगितलंत का?"

"मग?"

"मी म्हणालो, रोज सांगतो. ती चुका दुरुस्त करते."

ती उभी होती तशी उभी राहिली. छत्री कधी कलली आणि डोक्यावर पाणी कधी पडायला लागलं, तिला कळलं नाही. मापं घेते. कुठं उसवणार नाही असं बघते. माणसं निघून जातात, ती पुन्हा दोरा ओवते... अगं बाई. एकेक वाक्य तिनं स्वतःच्या हातानं सजवलं होतं. त्याच वाक्यांवर त्याला गुण मिळाले होते, आणि त्या गुणांवर तो उद्या जाणार होता.

"तुम्हीच म्हणाला होतात," तो म्हणाला, "खरं माणूस घ्या आणि काम बदला. मला वाटलं, तुम्हाला तर लगेच कळेल. मग वाटलं, कळलंय आणि तुम्हाला नकोय. चहालाही येईनात. वाटलं, सभ्यपणे नाही म्हणताय. तुमच्याकडूनच शिकलो ना, लोक नुसतं नाही म्हणत नाहीत."

ती त्याच्या शेजारी बसली. ओल्या बाकावर, तशीच. आता रडू आवरण्यात काही अर्थ नव्हता आणि तिनं ते आवरलंही नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही म्हणालात तर मी जाणार नाही. खरंच नाही जाणार. एकदा म्हणून बघा."

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिच्या ओठांवर होता, आणि तो उच्चारला असता तर या बाकावरून उठून दोघं सरळ घरी गेले असते, आईनं नळ बंद केला असता. तिला ते सगळं दिसत होतं. आणि त्याच्यापुढचंही दिसत होतं. बंद झालेला वॉर्ड. काम शोधून दमलेला तो, बाहेरच्या खोलीत दिवसचे दिवस बसलेला. आणि मग कधीतरी, भांडणात नव्हे, अशीच कुठल्या तरी दुपारी तिच्याकडे वर मान करून बघणारा. त्या बघण्याची तिला आत्ताच भीती वाटली.

"मला तू जायला नको आहेस," ती म्हणाली. तुम्हीवरून ती तूवर कधी आली, दोघांच्याही ध्यानात आलं नाही. "अजिबात नको आहेस. मला तू आवडतोस, इतका की दोन घास सुखानं खाल्ले नाहीत मी त्या टेलरणीपायी. हे सगळं ऐकून घे, नीट ऐकून घे. आणि मग जा."

"तू चल."

"बाबांना कुठं टाकू?"

त्याला उत्तर ठाऊक होतं. त्यानं फक्त तिचा हात हातात घेतला. नर्सचा हात, सतत धुऊन धुऊन खरखरीत झालेला. नाडी बघावी तशी त्याची बोटं तिच्या मनगटावर येऊन थांबली. दोघं तसेच बसले. समोरच्या दुकानाचं शटर खाली आलं आणि रस्ता आणखी काळोखा झाला.

मग तो कामाचं बोलल्यासारखं बोलत राहिला. करार किती वर्षांचा, सुट्टी कधी, फोन कुठल्या वेळी जमेल. काकांचा हात रोज दोन्ही वेळा हलवायचा, कंटाळा करायचा नाही. ती प्रत्येक गोष्टीला हं म्हणत होती.

"थांबशील माझ्यासाठी?" त्यानं विचारलं.

"मी कुठं जाणार आहे," ती म्हणाली. "जाणारा तू आहेस."

बस आली, दार उघडलं. कुणी उठत नाही म्हटल्यावर कंडक्टरनं दोघांकडे बघितलं, काही न बोलता दार लावून घेतलं आणि बस गेली. दुसरी आली तेव्हा मात्र तो उठला आणि चढला.